चौथी म्हैस

त्रिशला मगदूम निवारा केंद्रात सुखरूप आहे, ही बातमी त्रिशला मगदूमला फोनवरून कळली, तेव्हा ती स्वतःच्या गोठ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती.

"त्रिशला भरतेश मगदूम, राहणार कुरणवाडी," फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली. बाई म्हणजे अर्थात यंत्रच. "आज सकाळी निवारा केंद्रात दाखल. नाडी नियमित. काळजीचं कारण नाही. आपण त्यांच्या कोण?"

"आगं, मीच ती," त्रिशला म्हणाली. "मी हितं घरात हाय. पानी चढायलंय. बोट पाठवा."

"आपलं घर रिकामं असल्याची नोंद आहे. रिकाम्या घराकडे बोट पाठवता येत नाही. आपल्या चार जनावरांसाठी तराफा निघाला आहे. कृपया जनावरं तयार ठेवा."

घर रिकामं आहे, तर जनावरं तयार ठेवायची कुणी, हा प्रश्न यंत्राला पडला नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, कुरणवाडीतल्या एकाही पुरुषाला तो पडलेला नव्हता. त्रिशला आणखी काही बोलणार तोच फोनने मान टाकली. दोन दिवस गावात वीज नव्हती.

तिने फोन कमरेला खोचला आणि मुऱ्हा म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. म्हैस थरथरत होती. त्रिशलाही थरथरत होती, पण ती रागाने.

सकाळी भरतेशने नुसता हात पुढे केला होता. "काढ कडं."

कडं म्हणजे सरकारने पूरपट्ट्यातल्या प्रत्येकाच्या मनगटावर चढवलेला पट्टा. कृष्णेला पूर नवा नाही, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत पाऊस पडायची रीतच बदलली. महिनाभराचा पाऊस तीन दिवसांत कोसळायचा, वरच्या धरणांची दारं उघडायची आणि कुठल्या गल्लीत कोण अडकलंय याचा पत्ता कुणालाच नसायचा. त्यावर हे कडं काढलं. त्याच्या पोटातून हिरवा उजेड कातडीत शिरतो. रक्त हा उजेड पिऊन टाकतं. काळजाचा ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा उजेड कमी होतो, ठोका ओसरला की तो वाढतो. या कमी-जास्तीवरून नाडी कळते आणि माणूस जिवंत आहे, कुठे आहे, हे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दिसतं. शिवाय प्रत्येकाच्या ठोक्याची चढण-उतरण वेगळी असते, तेव्हा कडं कुणाच्या हातात आहे हेही ओळखता येतं. निदान सुरुवातीला ते ओळखायचं.

घोटाळा बांगड्यांनी केला. बायकांच्या मनगटावर आधीच डझनभर काचेच्या बांगड्या. कडं त्यांत अडकायचं, वर सरकायचं, तिरकं बसायचं. त्यात शेणकूट, भांडी, धुणं. कड्याची काच खरवडून निघायची. मग ते "अनोळखी व्यक्ती" म्हणून बोंब मारायचं. पुरुषांची कडी गपगुमान, बायकांची रोज बोंबलायची. नियंत्रण कक्षाला वैताग आला. बायकांच्या हाताला बसेल असं कडं नव्याने घडवावं, असं कुणीतरी सुचवलं म्हणतात. त्यापेक्षा ओळखच बंद करणं सोपं होतं. ती बंद केली. आता कड्याला फक्त नाडी लागते. कुणाची का असेना.

आणि मग आला नियम. आधी माणसं, मग जनावरं. घरातलं प्रत्येक माणूस निवाऱ्यात पोचल्याची नोंद झाली, की मगच त्या घराकडे जनावरांचा तराफा निघेल. कागदावर नियम लाख मोलाचा. कुरणवाडीत दूध हाच धंदा. म्हैस गेली तर घर बसतं आणि म्हशी तर बाईशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाहीत. धार बाई काढते, वैरण बाई घालते, त्यांचं आजारपण बाई काढते. बिनमाणसाच्या तराफ्यावर चार भेदरलेल्या म्हशी चढवायच्या तर गोठ्यात बाई पाहिजे. आणि तराफा यायचा तर बाई निवाऱ्यात पाहिजे. गावाने यावर तोडगा काढला. बाईचं कडं नवऱ्याच्या हातात, बाई गोठ्यात. पहिल्या पुरात एकाने केलं, दुसऱ्या पुरात सगळ्यांनी. आता ती रीतच झाली होती. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं.

"आनि मग मला कोन न्हेनार?" त्रिशलाने सकाळी विचारलं होतं.

"मी येतो की. धरण्याची काहील हाय." धरण्या म्हणजे त्याचा भाऊ धरणेंद्र. गूळ कढवायची ती भली मोठी काहील पुरात होडीसारखी चालते. "तू चौघींना चढव तवर. मला त्या ढुसण्या देतात."

"पानी आदी आलं तर?"

"आदी कसं येईल? दुपार हुईल म्हनलंय." तिचं कडं त्याने स्वतःच्या कड्याच्या वर चढवलं आणि बाही खाली ओढली. त्याची आई, आक्काताई, तोवर पोरींना घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसली होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वरच्या धरणाचा विसर्ग दुप्पट झाला तो त्यानंतर. पाणी दुपारची वाट बघत बसलं नाही.

गोठ्याच्या मधोमध एक भिंत होती. वर्षभरापूर्वी भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ती घातली. पलीकडे धरणेंद्रचा गोठा आणि त्यात आत्ता त्याची बायको रत्नप्रभा. दोघी जावांनी त्या दिवसापासून एकमेकींशी अबोला धरला होता. रत्नप्रभाने भिंत घालताना एक वीत जागा जास्त खाल्ली, असं त्रिशलाचं ठाम मत होतं. रत्नप्रभाचं मत नेमकं उलट होतं.

"रत्ना," त्रिशलाने भिंतीवरून हाक मारली. "तुझा फोन चालू हाय का?"

पलीकडून उत्तर आलं, "तुझ्याशी मी बोलत न्हाई."

"बोलू नगं. चालू हाय का तेवढं सांग."

"न्हाई."

पाणी मांड्यांना लागलं तेव्हा तराफा आला. सपाट, करडा, वर माणूस नाही की काणूस नाही. गोठ्याच्या दाराशी येऊन त्याने फळी टेकवली आणि बोलायला लागला. "चार जनावरं. कृपया एकेक चढवा." प्रत्येक म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला होता. बिल्ल्यात चकती, चकतीत म्हशीचा नंबर, वय, वजन, दूध, सगळी कुंडली. तराफा तो बिल्ला वाचायचा आणि एकेका खणाचं दार उघडायचा. चारही बिल्ले आल्याशिवाय फळी उचलायचा नाही. आणि चार म्हशींच्या वजनावर थोडी सूट धरून जी मर्यादा ठरवली होती, तिच्या वर वजन गेलं तर जागचा हलायचा नाही. ही खबरदारीही चांगलीच होती. मागे एका गावात लोक जनावरांबरोबर घुसले होते आणि तराफा कलंडला होता.

त्रिशलाने तीन म्हशी चढवल्या. गळ्यात हात घालून, नावाने बोलावून, एकीला शिव्या देऊन. मग ती स्वतः फळीवर चढली आणि मुऱ्हेला ओढू लागली. मुऱ्हेचा पुढचा पाय फळीवर पडला तशी तराफ्याची घंटा वाजली. "जादा वजन. कृपया जादा वजन उतरवा."

जादा वजन म्हणजे ती.

ती खाली उतरली, पुन्हा पाण्यात उभी राहिली आणि मुऱ्हेकडे बघत राहिली. गावातली सर्वांत देखणी म्हैस, दोन वेळचं अठरा लिटर. भरतेश पाहुण्यांना चहाच्या आधी म्हैस दाखवायचा. या म्हशीला पोहता येत होतं. उन्हाळ्यात ती नदीच्या डोहात तासन् तास डुंबायची. भरतेशला पोहता येत होतं, धरणेंद्रला येत होतं, गावातलं प्रत्येक पोरगं पाचव्या-सहाव्या वर्षी पाठीला डबा बांधून नदीत ढकललं जात होतं. पोरी काठावर बसून धुणं धूत होत्या. चाळीस पावलांवर नदी असलेल्या घरात त्रिशला वाढली आणि तिला पोहता येत नव्हतं. तिच्या ओळखीच्या एकाही बाईला येत नव्हतं. याचं तिला आजवर कधी नवल वाटलं नव्हतं. आत्ता वाटलं आणि त्यापाठोपाठ संताप आला. तिने विळा घेतला. म्हशीच्या कानाची कड कापून बिल्ला सोडवला. म्हैस हंबरली, कानातून रक्त आलं. "माझे बाई, क्षमा कर," त्रिशला म्हणाली. घरात मुंगीदेखील मारत नसत. तिने दावं कापलं, म्हशीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि मुऱ्हा पाण्यात शिरली. नाक वर धरून, खुशाल, उसाच्या शेताच्या दिशेने.

मग ती भिंतीपाशी गेली. "रत्ना, माझ्या जागेला म्हस सोडली मी. तेवढ्यात दोघी मावतो. तू ये. तराफ्याच्या कठड्यावरनं चढ."

"तुझ्या म्हशीच्या जागंवर मी बसू? जलमभर ऐकवशील."

"ऐकवीन. ये."

"माझा तराफा मागनं येतोय."

"त्यो म्हशी न्हेनार, तुला न्हाई. एक सोड तू बी."

"माझी चारी गाभण हाईत," रत्नप्रभा म्हणाली. आवाज रडवेला होता, पण ताठ होता. "एक जरी सोडली तर मालक मला उभ्याउभ्या कापतील. जा तू. उपकार नकोत तुझे."

तराफ्याने पुन्हा चौथं जनावर मागितलं. पाणी कमरेला लागलं होतं. त्रिशला बिल्ला मुठीत धरून फळीवर चढली. खणाचं दार उघडलं, तिच्या मागे बंद झालं, फळी उचलली गेली. "धन्यवाद," तराफा म्हणाला. भिंतीपलीकडचा गोठा मागे पडेपर्यंत तिने तिकडे पाहिलं. नंतर तिच्याने पाहवेना.

माळावरची बंद पडलेली सूतगिरणी म्हणजे निवारा केंद्र. खालचा डांबरी रस्ता पाण्यात उतरत होता, तिथे तराफे लागत होते आणि गावातले पुरुष आपापल्या म्हशी उतरवून घ्यायला उभे होते. भरतेश पुढेच होता. त्याने एक उतरवली, दुसरी उतरवली, तिसरी उतरवली. चौथ्या खणातून बायको उतरली. तिच्या खांद्यावरून त्याने आत वाकून पाहिलं.

"मुऱ्हा कुटाय?"

त्रिशलाने त्याच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात याने तिला कधी मारलं नव्हतं, दारू पिऊन कधी आला नव्हता. लोक म्हणायचे, नशीब काढलंस. "सोडली," ती म्हणाली.

"सोडली? अठरा लिटरची म्हस सोडलीस?"

"तिला पवता येतं. काहील कुटं हाय?"

तो गडबडला. "धार लई हाय. धरण्या म्हनला, जरा वसरू दे."

"सायबाला सांगितलासा?"

"काय सांगू? तू हितं हाईस म्हनून लिवलंय की."

त्याने बाही खाली ओढली. तेवढ्यात दुसऱ्या तराफ्याला जागा करून द्यायला लोक सरकले. त्रिशला चिखलातून सूतगिरणीच्या दाराकडे निघाली. भरतेश मागून आला. "कुटं चाललीस? त्रिशला, आईक. आता बोललीस तर समदी मोजनी परत हुईल. तराफे थांबवतील. अजून निम्म्या गावची जित्राबं खाली हाईत."

"आनि बाया?"

"त्यांस्नी म्हशी चढवल्या की आनू."

"कशात?"



केंद्रप्रमुख मुजावर साहेब पडद्यासमोर बसले होते. भला माणूस होता. सकाळपासून दोन घोट चहावर होता आणि कुरणवाडी शंभर टक्के रिकामी झाल्याचं बघून नुकताच त्याने सुस्कारा सोडला होता. त्रिशलाचं ऐकून त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या चिंब लुगड्याकडे. "ताई, तुम्ही सकाळीच आलायत ना? हे बघा, नाडी दिसतेय तुमची. जरा वाढलीय."

"वाढणारच," त्रिशला म्हणाली, आणि तिने भरतेशची बाही कोपरापर्यंत वर केली.

दोन कडी. मुजावरांनी पडद्यावर दोन्ही नाड्या शेजारी-शेजारी मांडल्या. भरतेश मगदूम, त्रिशला मगदूम. दोन्ही रेषा एकाच क्षणी वर जात होत्या, एकाच क्षणी खाली येत होत्या, एकाच वेळी धडधडत होत्या. कुठल्याही दोन माणसांची काळजं अशी चालत नाहीत. ओळखायला काहीच लागत नव्हतं, फक्त कुणीतरी मांडून बघायला हवं होतं.

"अशा अजून किती आहेत?" मुजावरांनी विचारलं.

आतापर्यंत दारात गाव जमलं होतं. धरणेंद्र होता, त्याचीही बाही मनगटाच्या खाली होती. आक्काताई गर्दीतून वाट काढत पुढे आली. "गप बस, पोरी," ती म्हणाली. "तू आलीस न्हवं? एकोणीसच्या पुरात मीबी ऱ्हायली हुती गोठ्यात. घराच्या छपरावर दोन दिस. मेली का मी?"

"तुमच्या संगट छपरावर हुती ती शेजारची सोनाई मेली," त्रिशला म्हणाली. "तुम्हीच सांगता."



धरणेंद्र पुढे आला. "वयनी, रत्नीसाठी करायलायसा हे? वरीसभर तिचं तोंड बघत न्हाईसा. उद्या गावात राहायचंय तुमाला. एकेकाच्या दावणीला चार-चार जित्राबं मरतील, ती तुमच्या नावावर."

ते खरं होतं. आणि त्रिशलाला भीती वाटली, पाण्यात वाटली त्याहून जास्त. पाणी एकदा ओसरतं, गाव ओसरत नाही. दुधाच्या रांगेत तिला कुणी जागा देणार नाही, पोरींची लग्नं जमताना हा पूर निघेल, माहेरापर्यंत बोल जाईल. रत्नाबद्दल तिच्या मनात आत्ताही माया नव्हती. भिंतीची ती वीत अजून तिला सलत होती. पण आत्ता भिंतीपलीकडे पाणी कुठवर आलं असेल, हे या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं, कारण भिंतीअलीकडे ते तिच्या अंगाला लागलं होतं.

"रत्नी एकटी न्हाई," ती म्हणाली. "ज्याच्या ज्याच्या बाहीखाली दोन हाईत, त्याच्या त्याच्या घरात एक हाय. सायेब, तुम्ही मोजा."

खोट्या नोंदींचं गाव म्हटल्यावर वरून मुजावरांनाही जाब विचारला जाणार होता. तरी त्यांनी यंत्राला जुळत्या नाड्या शोधायला सांगितलं. पडद्यावर जोड्या उमटत गेल्या. गल्लीमागून गल्ली हिरव्याची तांबडी झाली. पाठोपाठ खाली पाण्यात चाललेले तराफे थबकले, वळले आणि त्यांच्या कठड्यांवर माणसं घ्यायचे दिवे लागले. दारातल्या गर्दीतला एकजण त्रिशलाच्या पायापाशी थुंकला.

"तुमची नोंद दुरुस्त करायला हवी," मुजावर खालच्या आवाजात म्हणाले. "आत्ता तुम्ही म्हैस म्हणून आलेल्या दिसताय."

"आसू द्या," त्रिशला म्हणाली. "म्हशीला न्यायला आलं तरी कुनीतरी."

भरतेशने तिचं कडं काढून पुढे केलं. ते त्याच्या घामाने ओलं होतं. तिने घेतलं नाही, तेव्हा त्याने ते टेबलावर ठेवलं आणि तो धरणेंद्रच्या मागोमाग बाहेर गेला. तिच्यासाठी थांबला नाही.

संध्याकाळपर्यंत बायका येत राहिल्या. एकेका तराफ्यावर सात-आठ, ओल्या, गप्प, काही रडणाऱ्या. कुणी त्रिशलाशी बोललं नाही. बहुतेकींच्या दावणी गेल्या होत्या. ती सूतगिरणीच्या पायरीवर बसून प्रत्येक तराफ्यात एकच तोंड शोधत होती. ते शेवटून दुसऱ्या तराफ्यात सापडलं, तेव्हा ती उठली आणि परत बसली.

रत्नप्रभाच्या छातीपर्यंत चिखलाची रेघ होती. धरणेंद्र तिच्याकडे धावला. ती त्याला ओलांडून सरळ पायरीपाशी आली.

"चारी गेली," ती म्हणाली. "तराफा दारात आला आनि म्हशी नगंत म्हनला. मला घेतो म्हनला. तूच सांगितलंस म्हनं."

"मीच."

"गाभण हुती."

"ठावं हाय."

"जलमभर तुला शिव्या घालीन मी, त्रिशला. रोज सकाळी. तुझ्या दारात उभी राहून."

"घाल," त्रिशला म्हणाली. ती पायरीवर जरा सरकली. रत्नप्रभा तिच्या शेजारी बसली आणि तिने पहिली शिवी घातली.